खालच्या चित्राचे रंग

२२ मे १९८३, रविवार

इस्पितळातून घरी आल्यावर सगळ्यात आधी कोंड्याच्या मडक्यात हात घातला. वरचा थर ठीक होता. खाली हात गेला तसा आंबूस वास आला. मी नव्हते तेव्हा हे रोज कोंडा ढवळत होते म्हणे, पण वरवर. सासूबाईंनी लावलेला हा तांदळाचा कोंडा माझ्या लग्नाच्याही आधीचा आहे. मुळा, काकडी, वांगी त्यात पुरून खारवायची आणि रोज एकदा तळापर्यंत हात घालून तो खालीवर करायचा, नाहीतर बिघडतो.

"अहो, तळापर्यंत हात घालायचा असतो," मी म्हटलं.

"तळापर्यंत म्हणजे? कोपर बुडेपर्यंत?" ह्यांनी वर्गातल्या मुलासारखं विचारलं. मला हसू आलं. हसलं की टाके दुखतात.

पोटात अल्सर होता. डॉक्टरांनी मला कागदावर पोट काढून दाखवलं, एवढा भाग कापला, आता सावकाश खा, थोडं थोडं खा. ह्यांना मात्र त्यांनी दुसऱ्या खोलीत नेलं. खूप वेळ लागला. हे परत आले ते हातात भलं मोठं खरबूज घेऊन. मला तेव्हा पाणीसुद्धा चमच्याने मिळत होतं! शेवटी आमच्या लेकीने, चिनात्सुने, ते एकटीने फस्त केलं आणि बाराव्या वर्षी माणसाला किती खाता येतं ते शेजारच्या खाटांवरच्या बायकांना दाखवून दिलं.

आज आणखी एक नवल. ह्यांनी कंपनीतलं काम पहिल्यांदाच घरी आणलं, निळ्या कापडात गुंडाळून. चित्र टिपायचा कॅमेरा आजवर वेगळा आणि टेप फिरवणारी जड पेटी वेगळी, ती खांद्याला लटकवायची. ह्यांच्या विभागाला दोन्ही एकाच यंत्रात बसवायची आहेत, घरातल्या बाईला एका हाताने धरता येईल असं.

"घरी वापरून बघायला सांगितलंय," हे म्हणाले.

"आजारी बाईवर कसले प्रयोग?"

"म्हणूनच तर. तुला पेललं तर जगात कुणालाही पेलेल."

मला पेललं नाही. दोन्ही हातांनी धरूनसुद्धा चित्रात नुसती छताची फळी आली. हे म्हणाले, हलकं करू. आणि खरंच वाईट वाटल्यासारखं यंत्राकडे बघत बसले.

१२ जून, रविवार

हल्ली हे संध्याकाळी सातच्या आत घरी येतात. शेजारच्या बाईंनी मला कुंपणावरून विचारलंसुद्धा, "तुमच्याकडे कंपनीत संप वगैरे आहे का हो?"

रविवारी तर हे यंत्र घेऊन माझ्यामागे घरभर फिरतात. मी कपडे वाळत घालते, हे टिपतात. तांदूळ धुते, टिपतात.

"अहो, तोंड तरी धुऊ द्या."

"नको. जाहिरात नाहीये, चाचणी आहे."

एवढ्या टेपा वापरतात, पण एकही परत नेत नाहीत. कंपनी तर पेन्सिलसुद्धा जुनी दाखवल्याशिवाय नवी देत नाही. विचारलं तर म्हणाले, तपासणीसाठी ठेवाव्या लागतात. सगळ्या कपाटात वरच्या फळीवर, माझ्या लग्नाच्या किमोनोशेजारी लावून ठेवल्या आहेत.

आज मात्र भांडण झालं. चिनात्सुने कंगवा तोंडासमोर धरून स्वतःचं गाणं यंत्रात भरलं, आणि ते भरलं नेमकं गेल्या रविवारच्या टेपवर. त्यावर मी कपड्यांच्या घड्या घालताना होते. हे असे ओरडले की मी हातातली पळी टाकली. ह्यांचा आवाज एवढा मोठा आहे हे आम्हा दोघींना आजच कळलं. मग स्नानघरात गेले आणि नळ सोडून बराच वेळ आत बसले. बाहेर आले तेव्हा केस कोरडे होते, तोंड तेवढं ओलं.

नंतर वरमून चिनात्सुला टेप लावून दाखवली. तिचं गाणं सुरू होतं तिथे पडद्यावर रंग पसरतात, पाण्यावर तेल सांडल्यासारखे, आणि त्या रंगांखालून माझे हात आणि पांढरा टॉवेल थोडा वेळ दिसत राहतात.

"इंद्रधनुष्य!" चिनात्सु म्हणाली.

"यंत्राचा दोष आहे हा," हे म्हणाले. "वरून नवीन भरलं तरी खालचं एकदम पुसलं जात नाही. जोडापाशी जुन्याचे रंग वर येतात. कुठे पुसलंय ते मला एका नजरेत कळतं. आमच्या विभागाची सध्याची मोठी डोकेदुखी आहे ही."

कपड्यांच्या घड्यांसाठी एवढा राग! उद्या परत घालीन की घड्या.

३ जुलै, रविवार

निगाताहून तोकुए वन्सं आल्या आहेत. ह्यांची मोठी बहीण. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या हातचा पहिला मुळा चाखून म्हणाल्या होत्या, "समुद्रात पडल्यासारखं वाटलं बाई." तेव्हापासून आमचं असंच चालतं. त्या टोचतात, मी हसून वाढते.

या खेपेला काहीतरी बिनसलंय. आल्या आल्या त्यांनी स्नानघर घासलं. मग खिडक्या पुसल्या.

"वन्सं, तुम्ही पाहुण्या आहात."

"तू बस गं. पाय पसर."

"बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीये!" असं म्हणाल्या तेव्हा कुठे जिवात जीव आला. वन्सं गोड बोलायला लागल्या की मला धास्तीच वाटते.

दुपारी मडक्यापाशी येऊन उकिडव्या बसल्या. "मीठ किती घालतेस?"

"तुम्हाला कशाला? तुम्ही तर दुकानातलं आणता."

"म्हातारपणी काही शिकू नये की काय माणसाने?"

मी सांगितलं, मोजून नाही घालत, चाटून बघते. त्यांनी बोट बुडवून चाटलं आणि एकदम उठून अंगणात चटई झटकायला गेल्या. ती सकाळीच झटकून झाली होती. बराच वेळ धपधप आवाज येत राहिला.

१८ ऑगस्ट

उकाडा. दोन घास खाल्ले की गळ्याशी येतं. डॉक्टर म्हणतात, पोट लहान झालंय, त्याला सवय व्हायची आहे.

ह्यांच्या हाताखालचा नागुमो संध्याकाळी यंत्राचा नवा नमुना घेऊन आला. मोटर बदलली, आतली पट्टी पत्र्याऐवजी दुसऱ्याच कशाची तरी केली. मी एका हाताने उचललं! अगदी डोळ्यापर्यंत. ह्यांचा चेहरा असा फुलला की नागुमो माझ्याकडे न बघता त्यांच्याकडेच बघत राहिला.

"वहिनी, साहेबांनी आम्हाला पार पळवलंय," तो सातूचा गार चहा घेत म्हणाला. "कंपनी म्हणते, पुढच्या उन्हाळ्यात दुकानात येऊ दे. साहेब म्हणतात, ऑक्टोबरात हलकं झालंच पाहिजे. ऑक्टोबरात असं आहे तरी काय?"

"माझा क्रीडादिन!" चिनात्सु म्हणाली. सगळे हसलो.

मी आणखी चहा ओतायला हात पुढे केला तसं मनगटावरचं घड्याळ घरंगळत कोपरापाशी गेलं. मी म्हटलं, "बघा, यंत्र आणि मी, दोघंही एकदमच हलकी होतोय." कुणीच हसलं नाही. विनोद इतका काही वाईट नव्हता.

"नागुमो, चहा घे," हे म्हणाले. "बर्फ वितळला."

२५ सप्टेंबर, रविवार

पाठ दुखते. रात्री कुशीवर होताना जास्त. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रियेनंतर होतं असं. कधीकधी वेगळंच मनात येतं, विशेषतः पहाटे. मग वाटतं, तसं काही असतं तर ह्यांनी सांगितलं असतं. ह्यांना खोटं बोलता येत नाही. लग्नाआधी मला भेटायला आले तेव्हा म्हणाले होते, "मला माणसांपेक्षा यंत्रं बरी कळतात." अशा माणसाला काय लपवता येणार?

चिनात्सुचा हा प्राथमिक शाळेतला शेवटचा क्रीडादिन. पांढऱ्या संघातून ती रिलेत शेवटची धावणार. दरवर्षी मैदानाच्या दोरीपाशी सगळे बाप कॅमेरे घेऊन गर्दी करतात आणि आमच्या चटईवर बाप नसतोच. या वर्षी हे येणार. पण टिपणार मी. मीच तसं सांगून टाकलंय. पुढच्या वर्षी ती मोठ्या शाळेत जाईल, आईने मैदानावर येऊ नये असं म्हणायला लागेल. ती धावताना माझ्या हातांनी टिपलेली असावी, बस.

हे रोज सराव करून घेतात. अंगठ्याखाली एक बटण आहे. एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. छोट्या भिंगातून चित्र दोन्ही वेळा सारखंच दिसतं.

"जमेल ना?"

"अहो, बटण दाबायचंय. विमान चालवायचं नाहीये."

९ ऑक्टोबर, रविवार

थकले आहे, पण लिहून ठेवल्याशिवाय झोप यायची नाही.

आकाश स्वच्छ. वन्सं कालच आल्या होत्या. पहाटे उठून भाताचे मुटके, गोड अंड्याच्या वड्या, उकडलेले चेस्टनट, सगळं त्यांनी केलं आणि मला नुसतं चाखायला बसवलं. मी मीठ कमी आहे म्हटलं तर ऐकून घेतलं. असं कधी होत नाही.

चिनात्सुच्या हातात कांडी आली तेव्हा पांढरा संघ तिसरा होता. वळणावर तिने एकीला मागे टाकलं. दात विचकून, मान तिरकी करून धावते, अगदी ह्यांच्यासारखी. दुसरी आली! माझा हात एकदाही हलला नाही. सगळं भिंगात आलं, मी बघितलं.

नंतर थोडं गरगरलं म्हणून शाळेच्या नर्सबाईंच्या तंबूत जाऊन पडले. चिनात्सु सोबत आली. यंत्र चटईवरच ठेवलं होतं, बंद करून. हे आणि वन्सं तिथेच बसले होते.

ह्यांनी घरी येताना मला विचारलं, "जड झालं?" मी म्हटलं, मुळीच नाही.

११ ऑक्टोबर

कालचं आज लिहिते आहे.

काल सुट्टी होती, तरी ह्यांना सकाळी कंपनीत बोलावलं. वन्सं पहिल्या गाडीने गेल्या. चिनात्सु मैत्रिणीकडे. टेप रात्री सगळ्यांनी मिळून बघायची असं ठरलं होतं, पण मला राहवेना. तारा कशा जोडायच्या ते मला येतं.

पडद्यावर आधी गवत आलं. मग माझी चप्पल. मग आकाश, उलटं झालेलं मैदान, पुन्हा गवत. लांबून ढोल, लाऊडस्पीकरवरच्या बाई. मी वाट बघत राहिले. गवत, वन्संचा मोजा, डब्याचं झाकण. आणि मग कळलं. मी सगळं उलटं केलं होतं. सुरुवातीलाच कधीतरी बटण एकदा जास्त दाबलं गेलं, त्यानंतर मी सुरू करते असं समजून बंद करत होते आणि बंद करते असं समजून सुरू. चिनात्सु धावली तेवढा वेळ यंत्र झोपलेलं. तिच्या पायाचं बोटसुद्धा आलेलं नाही.

मी रडलेच. इतकी बावळट आहे मी. आता वाटतं, तेव्हा त्याच गोष्टीसाठी रडून घेतलं ते बरं झालं.

टेप चालूच होती. चटईचा कोपरा, निळा थर्मास, त्याच्यामागे माणसांचे पाय. मी तंबूत गेले तेव्हाचं हे. ह्यांचा आवाज आला, अगदी जवळून.

वन्सं म्हणाल्या, "तेइजी, तिला सांगून टाक."

"काय सांगू? अल्सर नव्हताच, असं?"

"बाईमाणूस आहे. तिला घर लावायचं असेल. पोरीशी बोलायचं असेल."

"डॉक्टर म्हणाले, नवीन वर्ष कदाचित. कदाचित तेवढंही नाही." मागे ढोल चालूच होता. "ताई, आज तिने ते यंत्र किती वेळ धरलं बघितलंस? हसत होती. राहू दे ना. तिला हसू दे."

वन्सं रडत होत्या. वन्संना रडताना मी कधी ऐकलेलं नाही. हे म्हणाले, "डोळे पूस. येतील त्या दोघी."

मग चिनात्सु आणि मी आलो. पडद्यावर माझे पाय आले. मी विचारत होते, "मुटके संपवलेत की काय सगळे?"

ह्यांनाही यंत्र बंद वाटलं असणार. ज्यांनी यंत्र केलं त्यांनाच कळलं नाही.

किती वेळ बसले ते ठाऊक नाही. पाठीतलं दुखणं जागच्या जागीच होतं, सकाळी होतं तेवढंच. फक्त आता त्याला नाव होतं. मग बाहेरून चिनात्सुच्या सायकलची घंटी वाजली आणि माझ्या डोक्यात एकच आलं: रात्री ही टेप सगळ्यांसमोर लागणार.

मी टेप मागे नेली, थर्मास दिसतो तिथपर्यंत. यंत्र गाद्यांच्या चळतीवर ठेवलं, समोर कोंड्याचं मडकं ओढलं आणि बटण दाबलं.

"चिनात्सु, बाह्या वर कर. इकडे ये."

"ई, आत्ता? हाताला वास राहतो दिवसभर!"

"राहू दे. मी सांगते तसं कर. कडेने हात घाल. खाली. अजून खाली."

"आई, गार आहे! काहीतरी लागलं हाताला!"

"वांगं आहे ते, चावणार नाही. तळाला बोटं टेकली? आता तळातलं वर आण आणि वरचं खाली ढकल. असं. मग वरून थोपटायचं. मडक्याची कड पुसायची. चाटून बघ."

"खारट."

"किती खारट ते लक्षात ठेव. याहून कमी झालं तर मीठ घाल."

"तू असतेसच की."

मी म्हटलं, "माझी पाठ दुखते. वाकायचं काम आता तुझं."

बोलणं तसं फार नव्हतं त्यांचं. कोंड्याचं काम त्याहून जास्त वेळ चालतं. शेवट तपासून बघितला. काही उरलेलं नाही.

रात्री जेवण झाल्यावर मीच आधी सांगून टाकलं की मी घोळ घातलाय, रिले आलेली नाही. चिनात्सुचं तोंड एवढंसं झालं. "माझे पाय तरी यायचे ना गं आई!" मग गवत लागलं, चप्पल लागली, वन्संचा मोजा लागला, आणि त्या मोज्याला भोक दिसल्यावर ती रडता रडता हसायला लागली.

मग ती जागा आली. पडद्यावर रंग पसरले. आमच्या मडक्यावर तांबडे, हिरवे पट्टे, आणि त्यांच्या खालून चटईचा कोपरा आणि निळा थर्मास, क्षणभरच. हे पुढे झुकले.

"हे कधी घेतलंस?"

"दुपारी. टेप वाया जायला नको म्हणून."

पडद्यावर मी म्हणत होते, अजून खाली.

"इंद्रधनुष्य आलं बाबा परत," चिनात्सु म्हणाली.

"हो," हे म्हणाले. "यंत्राचाच दोष आहे. आईची काही चूक नाही त्यात."

शेवटपर्यंत बघितलं त्यांनी. मग आंघोळीचं पाणी काढतो म्हणून उठले. नळ बराच वेळ वाहत होता. आम्हा दोघींची अंथरुणं घालून झाली तरी वाहत होता.

बरं झालं, त्यांना काही कळलं नाही.

१६ ऑक्टोबर, रविवार

भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही. दिवसा नाही वाटत तेवढी, दिवसा कामं असतात. चिनात्सुची वेणी घालताना वाटते. तिचे केस दाट आहेत, मागे एक भोवरा आहे, तिथून भांग वाकडा जातो. हे कुणाला माहीत आहे?

सांगावं का ह्यांना, की मला कळलंय? मग एकमेकांपाशी रडता येईल. पण ह्यांनी मे महिन्यापासून हे एकट्याने उचलून धरलंय. ते धरलंय म्हणूनच उभे आहेत, असं मला वाटतं. मी ते हातातून काढून घेतलं तर कशाला धरून राहतील? आणि मला तर हसायचंच आहे. मी हसते आहे, त्यासाठी एवढं सगळं चाललंय.

भोवऱ्याचं मात्र काहीतरी करायला हवं.

३० ऑक्टोबर, रविवार

परवा जेवताना मी ह्यांना म्हटलं होतं, "तुमच्या यंत्राला एक दिवा लावा. चालू असलं की पेटेल असा. नाहीतर माझ्यासारख्या बायका पोरांचे क्रीडादिन घालवतील."

हे चॉपस्टिक खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "कुठे लावू? टिपणाऱ्याला दिसेल असा?"

"दोन्हीकडे लावा. समोरच्यालाही कळायला हवं की आपण त्यात येतोय." असं बोलून गेले आणि जीभ चावली. पण ह्यांनी नुसती मान हलवली.

आज नागुमो नवा नमुना घेऊन आला. पुढे छोटा लाल दिवा. "साहेबांनी भर बैठकीत सांगितलं, ही कल्पना माझ्या बायकोची. वरचे म्हणाले, वीज खाईल. साहेब म्हणाले, खाऊ दे. साहेब कधी वरच्यांशी भांडत नाहीत हो."

या यंत्रात इंद्रधनुष्य येत नाही म्हणे. पुसण्यासाठी आत आणखी एक बारीक तुकडा बसवला आहे, खालचं सगळं साफ जातं. नागुमो कौतुकाने सांगत होता.

"मग जुनं घेऊन जा आता," मी म्हटलं.

"नको," हे म्हणाले. "जुनं इथेच राहू दे."

"दोष आहे ना त्यात?"

"असू दे. त्यात काय भरलं होतं ते कळतं तरी."

नागुमो गेल्यावर त्यांनी मला विचारलं, चिनात्सुची वेणी कशी घालतात ते टिपायला मिळेल का. चाचणीसाठी. केसांसारखी बारीक गोष्ट यंत्राला कशी दिसते ते बघायचंय म्हणे. मी कंगवा घेतला. मागे भोवरा आहे, इथून भांग वाकडा जातो, मी चिनात्सुला सांगितलं, म्हणजे तसं म्हटलं तर दिव्याला सांगितलं. हे खूप जवळ आले होते. वेणी बांधून झाली तरी त्यांनी यंत्र खाली घेतलं नाही.

नशीब चांगलं माझं. मनात होतं तेच त्यांनी आपणहून विचारलं.

१३ नोव्हेंबर, रविवार

आज रिले परत झाली!

कल्पना ह्यांची. सकाळी म्हणाले, कपडे जास्त घाल, सागामी नदीवर जायचंय. तिथे बघते तर वन्सं, नागुमो, आणि चिनात्सु क्रीडादिनाच्या पांढऱ्या पट्टीसकट. मला घडीच्या खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर पांघरूण, हातात नवं यंत्र.

"मी तांबड्या संघात," वन्संनी जाहीर केलं. किमोनोचा काठ कमरेत खोचला होता. साठीच्या बाईचे एवढे पांढरे पाय भर नदीकाठी!

"वन्सं, मोजे बदललेत का?"

"गप बस. तुझ्या त्या मेल्या टेपने निगातापर्यंत अब्रू गेली माझी."

नागुमो ऑफिसातल्या चामडी बुटांत निळा संघ झाला. हे गुंडाळलेल्या वर्तमानपत्राची कांडी घेऊन धावत आले आणि ती चिनात्सुच्या हातात दिली. मी बटण दाबलं. लाल दिवा पेटला. दोनदा बघून घेतलं.

चिनात्सु धावली. दात विचकून, मान तिरकी करून. नागुमो वळणावर घसरला, खरोखरच घसरला, चिखलात बसला. वन्सं अर्ध्यातच थांबून "हरले! हरले!" ओरडत होत्या. पोरगी नदीच्या उजेडातून सरळ माझ्यावर चालून आली, मोठी मोठी होत, इतकी की भिंगात मावेना, आणि मग माझ्या गळ्यात पडली. चित्रात शेवटी नुसते केस आले असतील. भोवरासुद्धा आला असेल.

ती तिघं नागुमोचे बूट धुवायला पाण्याकडे गेले. हे माझ्याकडे येत होते. ह्यांना कधीच कुणी टिपत नाही, म्हणून मी यंत्र तसंच धरून ठेवलं. हे समोर येऊन थांबले. दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, दिव्याने संकोचत असतील. मी बटण दाबून तो विझवला. अगदी समोर धरून दाखवला, बघा, बंद आहे.

वारा सुटला होता. वेळ जात होता. आता सांगतील, असं वाटलं. सांगावं आणि सांगू नये, दोन्ही वाटत होतं.

"जड होतंय का?" ह्यांनी विचारलं.

"नाही हो," मी म्हटलं. "हलकं केलंत ना तुम्ही."

ह्यांनी यंत्र घेतलं नाही. माझ्या हाताखाली आपला हात धरला, आणि आम्ही ते तसंच दोघांनी धरून बसलो, ती तिघं येईपर्यंत.

७ डिसेंबर

थोडंच लिहिते. पेन जड वाटतं.

गादी आता मधल्या खोलीत घातली आहे, दार उघडं ठेवतात. चिनात्सु शाळेतून आली. मी झोपले आहे असं वाटलं असेल तिला, म्हणून हाक मारली नाही. दप्तर ठेवल्याचा आवाज. मग मडक्याचं झाकण. कुणी सांगितलं नव्हतं.

वरवर ढवळलं तर आवाज कोरडा येतो. तळापर्यंत हात गेला की ओला, जड आवाज येतो, बूट चिखलातून काढल्यासारखा. मी कान देऊन ऐकते आहे.

तळापर्यंत घालते आहे.